कंसातली अक्षरे

शाळेच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीतले एक फाटके पान समजा आपल्या हाती आले. तारीख जिथे लिहितात तो वरचा कोपराच नेमका गेलेला. उरल्या आहेत त्या नोंदी: खडूची पेटी, पाण्याची घागर, शिपायाचा पगार, आणि खाली मुख्याध्यापकांच्या सहीची शेवटची दोन अक्षरे, 'कर'. हे पान कोणत्या वर्षाचे? रकमा रुपये-आणे-पैत आहेत, तेव्हा आपण चटकन म्हणू की पान १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवशी देशात दशमान नाणी सुरू झाली. पण लिहिणारा कारकून निवृत्तीला आलेला असेल आणि त्याचा हात आण्यांनाच सरावलेला असेल, तर त्याने १९५८ सालीही 'चार आणे' लिहिले नसेल कशावरून? सहीचेही तसेच. 'कर'ने संपणाऱ्या आडनावाचे दोन मुख्याध्यापक त्या शाळेत होऊन गेले असतील, तर आपण बहुधा आपल्या माहितीतला निवडतो, त्याच्या नावाची गेलेली अक्षरे कंसात भरतो आणि पुढे जातो. आपल्या लेखावरून दुसरा लेख लिहिणारा कंस गाळतो. तिसऱ्याच्या हाती पोचते ते पुरे नाव आणि पक्के साल.

प्राचीन कोरीव लेखांच्या कालनिर्णयात हा प्रकार जगभर झाला आहे, आणि त्याचे एक ठळक उदाहरण आपल्या वाशीमच्या परिसराशी निगडित आहे. मी काही पुरालेखांचा अभ्यासक नाही. मोजमाप घेणे आणि त्या मोजमापातली चूक किती असू शकेल ते सांगणे, हे प्रयोगशाळेतले काम माझे. त्या सवयीने वाकाटकांच्या कालगणनेकडे पाहिले तर काय दिसते, ते येथे मांडायचे आहे.

आधी थोडे दूर जाऊ. अथेन्सच्या दोस्त नगरांकडून येणाऱ्या खंडणीचा साठावा हिस्सा इ. स. पू. ४५४ पासून अथीना देवीच्या खजिन्यात जमा होत असे. कोणत्या नगराचे किती जमा झाले, त्याची यादी दरवर्षी संगमरवरावर कोरून लोकांसमोर उभी करत. पहिल्या पंधरा वर्षांच्या याद्या एकाच भल्या थोरल्या शिळेवर होत्या. ती शिळा आज पावणेदोनशेहून अधिक तुकड्यांत आहे. याद्यांना अनुक्रमांक असत, चिटणिसाचे नाव असे. त्यामुळे मथळ्याचा तुकडा हाती लागला की वर्ष सापडे. पण अथेन्सच्या इतर कित्येक सरकारी लेखांचा मथळाच नाही. तेथे अभ्यासकांनी अक्षरांच्या वळणाचा आधार घेतला. ग्रीक 'स', म्हणजे सिग्मा, जुन्या लेखांत तीन रेघांचा येतो, नंतरच्या लेखांत चार रेघांचा. साल ठाऊक असलेले लेख ओळीने लावून नियम बसवला गेला की, तीन रेघांचा सिग्मा असलेला सरकारी लेख इ. स. पू. ४४६ च्या अलीकडचा असूच शकत नाही.

हॅरॉल्ड मॅटिंग्ली या इतिहासकाराने १९६१ पासून या नियमाविरुद्ध लिहायला सुरुवात केली. लेखातला मजकूर अलीकडच्या घटनांशी जुळत असताना केवळ एका रेघेसाठी लेख तीस-चाळीस वर्षे मागे का ढकलायचा, हा त्याचा प्रश्न होता. बहुतेकांनी तो मानला नाही. वाद येऊन थांबला एका शिळेवर. सिसिलीतल्या एगेस्ता या नगराशी अथेन्सने केलेल्या कराराचा तो लेख. त्यात त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्याचे नाव होते, पण शिळा इतकी झिजलेली की खात्रीने वाचता येत होती ती नावाच्या शेवटची अक्षरे, 'ओन'. हाब्रोन मानला तर वर्ष येते इ. स. पू. ४५८-५७, आन्तिफोन मानला तर ४१८-१७. चाळीस वर्षांचा फरक! आणि तो फरक निव्वळ आकड्यांचा नव्हता. अथेन्सने सिसिलीवर मोठी स्वारी केली ती ४१५ साली. हा करार तिच्या तीनच वर्षे आधीचा, की तेथे हात पसरण्याचा विचार दोन पिढ्यांपासून चाललेला? १९९० साली मॉर्टिमर चेंबर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिळेतून लेसरचा झोत सोडून छायाचित्रे घेतली आणि ती संगणकाने स्वच्छ केली. छिन्नीचा घाव बसतो तेथे पृष्ठभागाखालचा संगमरवरही दुखावतो, आणि वरचे अक्षर झिजले तरी आतली खूण राहते, हे त्यामागचे तत्त्व. वाचन निघाले आन्तिफोन. सगळ्यांना ते लगेच पटले असे नाही, पण आज बहुतेक अभ्यासक ४१८-१७ हेच वर्ष धरतात. तीन रेघांचा सिग्मा चाळीस वर्षे मागे जायचा तो गेला नाही.

आता घराजवळ येऊ. अजिंठ्याच्या सोळाव्या गुहेच्या बाहेरच्या भिंतीवर एक संस्कृत लेख आहे. गुहा खोदवून घेणाऱ्या वराहदेवाचा तो लेख. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री, आणि त्याचा बाप हस्तिभोज हा आधीच्या देवसेन राजाचा. लेखात वाकाटकांची वंशावळ पद्यात दिलेली आहे. दुर्दैव असे की लेख पावसाच्या माऱ्यात आहे. पंधराशे पावसाळ्यांनी ओळीच्या ओळी खाल्ल्या आहेत. १८६० च्या दशकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचायचा प्रयत्न केला आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर या जर्मन पंडिताचे वाचन प्रसिद्ध झाले. ब्यूलर हे साधेसुधे विद्वान नव्हते, ब्राह्मी लिपीवरचा त्यांचा अधिकार जगन्मान्य होता. त्यांनी वंशावळीत पहिल्या प्रवरसेनानंतर रुद्रसेन आणि मग पृथिवीषेण ही नावे घेतली. का घेतली, हे समजण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकच्या आणि मध्य प्रांतातल्या सिवनीच्या ताम्रपटांतून वाकाटकांची जी नावे तोवर माहीत झाली होती, त्यांत रुद्रसेन होता, पृथिवीषेणही होता. भिंतीवर अर्धवट दिसणारी अक्षरे त्या साच्यात बसली.

हा लेख छंदात आहे, तेव्हा गेलेल्या अक्षरांची संख्या आणि त्यांचे लघु-गुरू आपल्याला ठाऊक असतात. ग्रीक लेखांत हेच काम चौकोनी मांडणी करते, कारण तेथे अक्षरे आडव्या-उभ्या रांगांत आलेखाच्या कागदावर बसवल्यासारखी कोरलेली असतात. अशी चाळणी हाती असताना चूक कशी झाली? 'रुद्रसेन' या नावाचे लघु-गुरू मांडून पाहा: गुरू, लघू, गुरू, लघू. आता 'सर्वसेन' मांडा. तेच येते. भिंतीवर होता तो सर्वसेन, आणि छंदाची चाळणी दोघांनाही सारखीच आत सोडत होती. तुकड्यात एखादे नाव 'बसते' एवढ्याने ते तेथे 'होते' असे ठरत नाही. त्याच जागी दुसरे काय बसले असते, हे तपासावे लागते. प्रयोगशाळेत आपण याला नियंत्रण म्हणतो.

चूक उघडकीला आली ती १९३९ साली. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीम गावात एक ताम्रपट मिळाला. (अथेन्सच्या खंडणीच्या याद्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड याच वर्षी निघाला, हा नुसता योगायोग.) ताम्रपट 'वत्सगुल्म' येथून, म्हणजे वाशीमहूनच, दिलेला होता. देणारा राजा विंध्यशक्ती, तो सर्वसेनाचा मुलगा आणि प्रवरसेनाचा नातू. दान दिलेले गाव नांदिकड, म्हणजे नांदेडच्या बाजूचे. वंशवर्णन संस्कृतात, आणि गावकऱ्यांना व अधिकाऱ्यांना उद्देशून असलेला कामाचा भाग प्राकृतात. सर्वसेन हे नाव अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांना अपरिचित नव्हते. 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन म्हणून जुन्या ग्रंथकारांनी त्याचा उल्लेख केलेला आहे. पण तो वाकाटकांचा राजा होता आणि त्याच्या वंशाची वेगळी गादी वाशीमला होती, हे १९३९ पर्यंत कोणाच्या डोक्यात नव्हते. नागपूरचे वा. वि. मिराशी हे ताम्रपट पाहिल्यावर अजिंठ्याच्या लेखाकडे पुन्हा वळले. १९४१ साली हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने त्यांचे नवे वाचन छापले. रुद्रसेनाच्या जागी सर्वसेन, पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन. छप्पन्न वर्षे वाकाटकांची वाशीमची शाखा त्या भिंतीवर कोरलेली होती आणि कोणाला दिसत नव्हती, कारण तिच्या जागी दुसऱ्या शाखेची नावे वाचली जात होती.

ब्यूलरांना दोष देणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांच्या हाती ठसा होता तो खराब, आणि नंदिवर्धनच्या थोरल्या पातीखेरीज दुसरी पाती आहे याचा पुरावाच नव्हता. दोष द्यायचा तर नंतरच्या ग्रंथकारांना द्यावा लागेल. त्यांनी वंशावळीचे तक्ते छापताना कुठले नाव धड दिसते आणि कुठले अर्धे, ही खूण पुसून टाकली. पुरालेखांच्या प्रकाशनात या खुणांची पद्धत ठरलेली आहे. 'एपिग्राफिया इंडिका'त अस्पष्ट अक्षर चौकटी कंसात देतात आणि संपादकाने स्वतः घातलेल्या अक्षराजवळ तारका छापतात. ग्रीक लेखांसाठी १९३१ साली लायडन येथे असेच संकेत ठरले. आपण भौतिकशास्त्रात '± ०.५' लिहितो, तेच काम हे कंस करतात.

आता ताम्रपटाच्या तारखेकडे पाहू, कारण अक्षराच्या वळणाबद्दल अथेन्समध्ये जे झाले त्याची आवृत्ती येथे दिसते. वाशीमच्या ताम्रपटावर शक नाही की संवत नाही. आहे ते राजाच्या कारकिर्दीचे वर्ष, ३७. आणि दिवस कसा दिला आहे? हेमंत ऋतूचा पहिला पक्ष, चौथा दिवस. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, ही मोजणी सातवाहनांच्या नाशिकच्या लेण्यांतील लेखांत आढळते. महिना आणि तिथी देण्याची आपली पद्धत नंतर रूढ झाली. यावरून असा युक्तिवाद केला जातो की ऋतू आणि पक्ष दिलेला लेख जुना, महिना आणि तिथी दिलेला अलीकडचा. प्राकृताचा वापरही याच पारड्यात टाकतात.

वाशीमचा ताम्रपट जुना आहे हे खरे, पण ते ठरते वंशावळीवरून. ऋतूंच्या मोजणीवर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण याच वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतले दोन ताम्रपट शेजारी ठेवून पाहता येतात. दोन्ही दुसऱ्या प्रवरसेनाचे. चम्मकचा त्याच्या १८ व्या वर्षाचा: ज्येष्ठ महिना, शुक्ल पक्ष, त्रयोदशी. दुदियाचा २३ व्या वर्षाचा: वर्षा ऋतूचा चौथा पक्ष, दहावा दिवस. म्हणजे एकाच राजाच्या दफ्तरात 'नवी' पद्धत आधी आणि 'जुनी' पद्धत पाच वर्षांनी! कारकिर्दीचे वर्ष दोन्हींवर लिहिलेले नसते, तर आपण दुदियाचा ताम्रपट बिनदिक्कत आधी लावला असता, आणि तसे लावण्याचे कारणही मोठ्या शास्त्रीय थाटात दिले असते. लेखनिक माणसे असतात. एक जण गुरूकडून शिकलेले वळण मरेपर्यंत सोडत नाही, शेजारचा तरुण नवे उचलतो. वळणावरून काळ काढायचा असेल तर त्यात एका माणसाची लिहिती हयात, म्हणजे तीस-चाळीस वर्षे, इतकी चूक धरावीच लागते. वाकाटकांच्या पेटीसारखा माथा असलेल्या अक्षरांनाही हेच लागू आहे.

मग भरवशाचा खुंटा कोणता? थोरल्या पातीसाठी गुप्तांचा आधार मिळतो, कारण प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी वाकाटकांची सून होती आणि गुप्तांचे संवत लेखांत आहेत. वत्सगुल्माच्या पातीसाठी असा आधार नव्हता. मिराशींनी 'वाकाटकांचे कोरीव लेख' हा आपला इंग्रजी ग्रंथ १९६३ साली सिद्ध केला तेव्हा त्यांनी पिढ्या मोजून अंदाज बांधले. सर्वसेन सुमारे ३३० ते ३५५, विंध्यसेन ३५५ ते ४००, आणि खाली येत देवसेन ४५० ते ४७५, हरिषेण ४७५ ते ५००. ग्रंथ निघाल्यावर थोड्याच काळात, १९६० च्या दशकातच, वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथे एक शिलालेख उजेडात आला. देवसेनाच्या पदरच्या स्वामिल्लदेव नावाच्या आज्ञाकर अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचे तळे बांधवले, त्याचा हा लेख. राजाची प्रशस्ती नाही, ब्राह्मणाला गाव दिल्याचे नाही. सरकारी माणसाने केलेल्या सार्वजनिक कामाची नोंद. आणि या नोंदीत राजांनी आपल्या ताम्रपटांत कधी दिला नाही तो आकडा आहे: शक ३८०. वाकाटकांच्या आजवर मिळालेल्या लेखांत शककाल दिलेला हा एकच.

सुदर्शन हे नाव वाचून जुनागढची आठवण झाली असेल तर ती बरोबर आहे. गिरनारच्या पायथ्याचे सुदर्शन तळे स्कंदगुप्ताच्या काळात फुटले आणि चक्रपालित या अधिकाऱ्याने ते गुप्त संवत १३७ मध्ये, म्हणजे इ. स. ४५६-५७ च्या सुमारास, बांधून काढले. बोराळ्याचे तळे त्यानंतर एक-दोन वर्षांतले. नावाची कीर्ती तेथून इकडे आली असावी असा मोह होतो. पुरावा मात्र नुसत्या नावाचा आहे.

बोराळ्याच्या आकड्याला तपासण्याची एक सोय लेखातच आहे, आणि ती मला फार आवडते. लेख म्हणतो की त्या वेळी सप्तर्षी उत्तरा फाल्गुनी नक्षत्रात होते. आता सप्तर्षी नक्षत्रांतून फिरत नाहीत, हे आपण मुलांना शिकवतोच. ते तारे आहेत, ग्रह नव्हेत. अयनचलनाने वसंतसंपात सरकतो, पण त्याला एक नक्षत्र ओलांडायला साडेनऊशेच्या आसपास वर्षे लागतात. जुन्या परंपरेने मात्र असे मानले होते की सप्तर्षी दर नक्षत्रात शंभर वर्षे राहतात आणि सत्तावीसशे वर्षांत फेरी पुरी करतात. आकाशात न घडणारी ही गोष्ट कालगणनेची पद्धत म्हणून पुष्कळ काळ वापरात होती. खोट्या घड्याळाचाही, ते सर्वांनी एकाच रीतीने लावले असेल तर, उपयोग होतो.

गणित असे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'प्रमाणे युधिष्ठिराच्या वेळी सप्तर्षी मघांत होते, आणि शकवर्षात २५२६ मिळवले की त्या काळापासूनची वर्षे मिळतात. ३८० अधिक २५२६ बरोबर २९०६. दर शंभराला एक नक्षत्र, म्हणजे २९ नक्षत्रे ओलांडून झाली. त्यांतली २७ ची एक फेरी वजा केली, राहिली २. मघांपासून पुढे दोन मोजा: पूर्वा फाल्गुनी, उत्तरा फाल्गुनी. जुळले!

पण लगेच टाळ्या वाजवू नयेत. या जुळण्याने नक्की काय सिद्ध होते? आरंभी सप्तर्षींनी मघांत नुकताच प्रवेश केला होता असे धरले, तर उत्तरा फाल्गुनी येते शक ३७४ ते ४७३ या शंभर वर्षांत. ते मघांच्या मध्यावर होते असे धरले, तर शक ३२४ ते ४२३. दोन्ही पट्ट्यांत ३८० बसते. शक २८० वाचले असते तर पूर्वा आली असती आणि ४८० वाचले असते तर हस्त. म्हणजे शेकड्याचा अंक या तपासणीने पक्का होतो. दशकाचा अंक होत नाही. ३९० वाचले तरी उत्तराच येते. त्या काळी शंभरासाठी, तीनशेसाठी, ऐंशीसाठी वेगवेगळी चिन्हे असत, त्यामुळे एका चिन्हाच्या वाचनात घोटाळा झाला तर तेवढ्याच अंकाला धक्का बसतो. ऐंशी हे दगडावरच्या चिन्हावरून, शेकडा चिन्ह आणि सप्तर्षी या दोन साक्षीदारांवरून. वराहमिहीर बोराळ्याच्या लेखानंतर शंभरेक वर्षांनी झाला, तेव्हा लेख कोरणाऱ्याने त्याचीच रीत वापरली असे म्हणता येत नाही. जुनी गर्गाची परंपरा दोघांच्या मागे असावी. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. शक १९०० घेतले तर सप्तर्षी रेवतीत येतात, आणि ते अजून तेथेच आहेत.

शक ३८० म्हणजे इसवी सन किती, यातही एक फट आहे. वर्ष चालू धरले तर ४५७-५८, सरलेले धरले तर ४५८-५९. पुस्तकांत दोन्ही आढळतात आणि विद्यार्थी कोणते खरे म्हणून विचारतात. दोन्हींपैकी एक खरे, एवढेच प्रामाणिक उत्तर आहे.

दुसरा प्रश्न हमखास येतो: सर, दगडाची कार्बन चाचणी का करत नाहीत? कार्बन-१४ मोजतो ते सजीव मेल्याला किती काळ झाला ते. दगड कधी जिवंत नव्हता. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे, आणि त्यावर अक्षर कधी कोरले हे त्या वयातून कळत नाही. तांब्याचेही तेच. तळ्याच्या बांधात गाडला गेलेला कोळसा किंवा लाकूड मिळाले तर चाचणी होईल, पण तिच्यातली चूकही काही दशकांची असते. 'देवसेन राजा असताना' एवढेच कळणाऱ्या ठिकाणी ती उपयोगी, शक ३८० वाचता येत असताना नाही.

मिराशींच्या अंदाजाकडे परत येऊ. त्यांनी देवसेनाला ४५० ते ४७५ दिले होते, आणि नंतर सापडलेले ४५८ बरोबर त्यात पडले. हे त्यांच्या पद्धतीचे मोठे यश आहे. आधी भाकीत, मग स्वतंत्र पुरावा. विज्ञानात याहून अधिक काय मागतो आपण? मात्र ४५८ हे देवसेनाच्या कारकिर्दीचे पहिले वर्ष होते की शेवटचे, ते त्या आकड्यातून निघत नाही. हरिषेण ४५८ च्या आधी गादीवर आला नाही, इतकेच निघते. आणि अजिंठ्याची उत्तम लेणी हरिषेणाच्या काळची असल्यामुळे याच जागी वादाचे मूळ आहे.

अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक (मृत्यू २०१९) यांनी अजिंठ्यावर आयुष्य वेचले. २००५ पासून निघालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या खंडांत त्यांनी हरिषेणाचा काळ ४६० ते ४७७ ठरवला आणि लेण्यांतले काम वर्षावर्षाने लावून दाखवले. दारांच्या खुंट्यांची भोके, अर्धवट सोडलेले खांब, गिलाव्याचे थर यांवरून कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे त्यांनी ज्या बारकाईने शोधले त्याला तोड नाही. पण क्रम वेगळा आणि काळ वेगळा. खुंटीचे भोक 'आधी' सांगते, 'सन ४६८' सांगत नाही. क्रमाच्या माळेला दोन्ही टोकांना खुंटी लागते. वरची खुंटी बोराळ्याची, ती भक्कम. खालची?

खालच्या टोकासाठी स्पिंक दोन गोष्टींचा आधार घेतात. एक, दंडीच्या 'दशकुमारचरिता'तली विश्रुताची कथा. विदर्भाच्या राज्याच्या नाशाचे तिच्यातले वर्णन वाकाटकांच्या शेवटाचे आहे, ही कल्पना मुळात मिराशींची. ती सुचणे स्वाभाविक आहे, पण दंडी घटनेनंतर शतकाहून अधिक काळाने झाला आणि तो कथा लिहीत होता. दुसरा आधार महिष्मतीच्या सुबंधू राजाचा बडवानी ताम्रपट. त्यावर वर्ष आहे १६७, संवताचे नाव नाही. गुप्त संवत मानला तर ते इ. स. ४८६ च्या आसपास येते, आणि तोवर वाकाटकांची सत्ता तिकडून गेली होती असे म्हणता येते. मिराशींनी तोच आकडा कलचुरी संवताचा मानला, म्हणजे ४१६ च्या आसपास, हरिषेण जन्मायच्याही आधी. सत्तर वर्षांची ही दरी एका न लिहिलेल्या शब्दामुळे आहे. स्पिंक यांची बाजू खोटी ठरते असे मी म्हणत नाही. गुप्त संवताच्या बाजूनेही वजनदार कारणे आहेत. पण ज्या मोजपट्टीचे एक टोक सत्तर वर्षे हलते, तिच्यावर एकेका वर्षाच्या रेघा मारणे मला पटत नाही.

वत्सगुल्माच्या राजांच्या तक्त्यातले आकडे या नजरेने पुन्हा पाहावेत. विंध्यसेनाला ४५ वर्षे दिली आहेत. त्यांतली ३७ ताम्रपटावर कोरलेली आहेत, उरलेली आठ अंदाजाची. त्याच्या मुलाला, प्रवरसेनाला, फक्त दहा, कारण अजिंठ्याचा लेख सांगतो की त्याचा मुलगा आठ वर्षांचा असताना गादीवर आला, म्हणजे बाप लवकर गेला असणार. त्या मुलाला ४१० ते ४५० अशी चाळीस, कारण लहानपणी गादीवर आलेला राजा पुष्कळ वर्षे राज्य करतो, आणि शिवाय देवसेनापर्यंतचे अंतर भरायला तेवढी हवीच आहेत. तर्क सुबक आहे. पण चाळीस हा आकडा मोजलेला नाही, तो वजाबाकीची बाकी आहे. फळ्यावर तक्ता लिहिताना ३७, ८ आणि शक ३८० एका रंगाच्या खडूने लिहावेत आणि बाकीचे दुसऱ्या; रंग कोणते ते ज्याने त्याने ठरवावे.

त्या आठ वर्षांच्या राजाचे नाव अजिंठ्याच्या भिंतीवर होते. ते झिजून गेले आहे, आणि तेथे कोणते नाव बसते याचा खेळ कोणी करू नये हे बरे. देवसेनाचा वत्सगुल्माहून निघालेला एक ताम्रपट लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये पोचला होता. त्याचा पहिलाच पत्रा आहे. वाकाटकांच्या दफ्तरात वर्ष लिहीत ते मजकुराच्या शेवटी, शेवटच्या पत्र्यावर.